उत्तरपक्ष उशिरा पोचला

मार्फत ९९ एपीओ
(गावाचं नाव लिहायला बंदी)
५ जानेवारी २००२

आदरणीय डबीर सर,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण तंबूत तेवढी जागा नाही. उभ्याने करतो.

दोन आठवडे होत आले, आमची अख्खी रेजिमेंट सीमेवर आली आहे. का आली ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचत असाल. आर्णीला पेपर रोज येतो, इथे येत नाही. फोनला रांग असते. मागे जवान उभे असताना कॅप्टनने आपल्या शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांना "सर, मी काय करू?" असं विचारलेलं बरं दिसत नाही. म्हणून पत्र.

मला एक हुकूम मिळाला आहे. काय ते लिहिता येत नाही. बेकायदा नाही. तसा असता तर सोपं होतं. बेकायदा हुकूम पाळायचा नसतो, हे आम्हाला शिकवलेलं आहे. हा कायदेशीर आहे, वर कोणीतरी विचार करूनच दिला असेल, आणि तरी मला पटत नाही. मी जागा पाहिली, नकाशे पाहिले, कर्नलसाहेबांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, "आडे, पटणं हा तुझ्या कामाचा भाग नाही." माणूस चांगला आहे, हीच अडचण आहे. वाईट असता तर भांडलो असतो.

तीन वाटा दिसतात. राजीनामा द्यावा. किंवा सरळ नाही म्हणावं आणि जे होईल ते भोगावं. किंवा मुकाट्याने करून मोकळं व्हावं. राजीनामा लिहून ट्रंकेत ठेवला आहे. रोज काढतो, वाचतो, एक शब्द बदलतो, परत ठेवतो.

बाबांना यातलं काही कळू देऊ नका. तांड्याचे नायक आहेत ते. घरी पाव्हणा आला की आधी माझा वर्दीतला फोटो दाखवतात, मग पाणी विचारतात.

काम महिनाअखेरीच्या आत करायचं आहे. तुम्ही वर्गात म्हणायचे, वाद घालायचा तर नीट घाला, नाहीतर गप्प बसून डबा खा. माझ्याकडून नीट होत नाही. तुम्ही घाला.

तुमचा
श्रावण

ता.क. इकडेही पऱ्हाटी आहे, सर. सकाळी धुकं हटलं की पांढरी बोंडं दिसतात आणि क्षणभर वाटतं, आपण तांड्याच्या मागच्या वावरात उभे आहोत.


आर्णी
१३ जानेवारी २००२

चि. श्रावण,

आशीर्वाद. सैन्यात बाहेरचे आशीर्वाद चालतात असं धरून पाठवतो आहे. चालत नसतील तर कर्नलसाहेबांना दे.

तुझं पत्र बळीराम पोस्टमनने शाळेच्या फाटकातूनच "डबीर सर, मिल्ट्रीचं पत्र!" अशी आरोळी ठोकत आणलं. हेडमास्तरांना वाटलं, मला भरतीचं बोलावणं आलं. देशाची वेळ अजून एवढी वाईट नाही, असं सांगून मी त्यांना शांत केलं.

आता तुझा प्रश्न. या जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्कृतच्या मास्तरला तो विचारलास तर तो डोळे मिटून एकच ग्रंथ उघडेल. मी उघडणार नाही. तिथे उत्तर देणारा सर्वज्ञ होता. इथे मी आहे. हुकूम काय ते तू सांगत नाहीस, म्हणून मी ताडला: तुला कुठल्यातरी निःशस्त्र जमावावर बंदूक रोखायला सांगितलं आहे. ताडलेलं बरोबर असेल तर उत्तर देऊ नकोस, गुप्तता पाळ.

तर ऐक. सोड.

सरकारने तुझे हात पगारावर घेतले आहेत. तुझा होकार घेतलेला नाही. मनातून नाही म्हणत हातांनी करणारा माणूस दोघांनाही फसवतो, हुकूम देणाऱ्याला आणि ज्याच्यावर तो चालतो त्यालाही. तू म्हणशील, वर विचार झाला असेल. झाला असेलही. पण खालून एकही माणूस नाही म्हणाला नाही, तर वरच्याला कळणार कसं की आपण चुकलो? तुम्ही लोक सलाम करता, सलामाचा अर्थ वर "पटलं" असाच लागतो. राजीनामा हे एकच वाक्य असं आहे, जे वरच्या कानापर्यंत जसंच्या तसं पोचतं. आणि हुकूम मोडण्यापेक्षा ते सभ्य आहे: मोडणारा पद ठेवून हुकूम नाकारतो, सोडणारा पदच परत करतो. त्याने कुणाची फसवणूक केली नाही, शिस्तही मोडली नाही. उद्या म्हातारपणी तांड्यात खाटेवर बसशील तेव्हा तुझ्या शेजारी ना कर्नल बसणार, ना सरकार. तू केलेलं काम तेवढं बसेल. त्याच्याशी रोज बोलावं लागेल. आत्ताच ठरव, कोण शेजारी हवं.

पद्मजाकाकू तिळाची कढई उतरवायला बोलावते आहे, उद्या संक्रांत. उरलेलं पुढच्या पत्रात.

इकडची खबर: कापूस संकलन केंद्रापुढची बैलगाड्यांची रांग बसस्टँडपर्यंत आली आहे. शाळेत जाताना बैलांच्या मधून वाट काढतो. वर्गापेक्षा तेच जास्त लक्ष देऊन पाहतात. तुमच्या वावरात फरदड, शेवटच्या बहराचा कापूस, तशीच उभी आहे. शेवटच्या वेचणीला बाया मिळत नाहीत, आणि वेचून नेऊन लावायचा तो या रांगेच्या शेवटीच.

तुझा
नं. डबीर


आर्णी
२१ जानेवारी २००२

चि. श्रावण,

आता उत्तरपक्ष.

आपल्या शास्त्रांची रीत तुला सांगायला नको: समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला जमणार नाही इतकं जोरात आधी आपणच मांडायचं, आणि मगच खोडायचं. मागच्या पत्रातला पूर्वपक्ष मी इतका झकास मांडला की पोस्टात टाकताना मलाच मोह झाला. आता तो पाडतो.

राजीनाम्याने तुझे हात स्वच्छ होतात. काम तसंच राहतं. तुझ्या जागी जो येईल त्याला हा प्रश्न पडलेलाच नसेल, म्हणून तो ते काम लवकर करेल आणि वाईट करेल. म्हणजे ज्यांची तुला काळजी आहे त्यांच्या वाट्याला तू एक बेफिकीर माणूस पाठवून घरी येणार. आणि दुसरं: आज एक हळवा कॅप्टन एक कडक हुकूम नाकारतो, आपण त्याला शाबासकी देतो. उद्या एक कडक कॅप्टन "गोळीबार थांबवा" हा हुकूम नाकारेल. त्यालाही मनापासूनच पटलेलं नसेल. तुला हक्क दिला की त्यालाही द्यावा लागतो. बंदूक हातात असलेल्यांनी हुकूम मनाशी तोलून मगच पाळायचं ठरवलं, तर आपण बाकीच्यांनी झोपायचं कुणाच्या भरवशावर?

तेव्हा हुकूम पाळ, आणि पाळण्यापूर्वी नापसंती लेखी दे. हा सिद्धान्त.

बरा जमला होता. तो घेऊन मी परवा सायकलवर तांड्यात गेलो. म्हटलं, तुझं नाव न घेता तुझ्या बाबांच्या कानावर घालून पाहू. अंगणात लालसिंग बैलाच्या वेसणीची दोरी वळत होता. मी म्हणालो, "नायक, समजा एक नोकरीतला माणूस आहे. वरचा सांगतो ते त्याला पटत नाही. तर त्याने नोकरी सोडावी का?"

लालसिंगने दोरी खाली ठेवली. मग घराकडे तोंड करून ओरडला, "ऐकलं काय वं? सर नौकरी सोडून राह्यले!"

तुझी आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर. "काहून सर? हेडमास्तर तरास देऊन राह्यला का? बाई काय म्हन्ते घरी?"

मी नाही, माझा नाही, असं जितकं सांगितलं तितकं त्यांचं पक्कं झालं. तुझ्या आईने, रुपीबाईने, पायलीभर ज्वारी सायकलला बांधून दिली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून मला खुर्ची दिली. माझ्या नोकरीत हे प्रथमच घडलं. "डबीर, घाई करू नका," म्हणाले. संस्कृतचे तास कमी करून मला चित्रकला द्यायचं त्यांच्या मनात होतं, ते आपोआप रद्द झालं आहे. म्हणजे राजीनाम्याने फायदा होतो, निदान न दिलेल्या. माझा सिद्धान्त इथे थोडा खचला.

पण लालसिंगने उत्तर दिलं, ते तुझ्यासाठीच असल्यासारखं लिहून पाठवतो.

"सर, आमच्या आजाच्या काळी लदेनी चाले. बैलाच्या पाठीवर धान्य लादून तांडा मुलूखभर हिंडे. नायकानं रस्ता सांगतला अन् कोनाले नाही पटला, त थो बोलू शके. बंदी नव्हती. पन बोलला त त्यालेच म्होरक्या बैलाच्या पुढं चालावं लागे. त्याच रस्त्यानं."

मी विचारलं, "ही शिक्षा होती की मान?"

"थे आजालेबी नाही समजलं," तो म्हणाला, आणि दोरी पुन्हा वळायला घेतली.

तुझा
नं. डबीर


मार्फत ९९ एपीओ
२९ जानेवारी २००२

आदरणीय सर,

तुमचं तेरा तारखेचं पत्र मिळालं. त्यानंतरचं अजून नाही; टपालाच्या गाड्यांआधी इथे रणगाड्यांना रस्ता देतात. पण त्या एका पत्राने माझं काम झालं. वाचलं, ट्रंक उघडली, आणि राजीनामा नेऊन कर्नलसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि पेपरवेटखाली सारला. म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे. सगळे इथे असेपर्यंत कुणाचाच राजीनामा पुढे जात नाही. तोवर तू माझा कॅप्टन. उद्या सकाळी सुरू कर."

आता हुकूम सांगायला हरकत नाही. काटेरी तारा बांधून झाल्या, लाल पाट्या लागल्या, गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. वावरांत सुरुंग पेरायचे होते. तुमचा जमाव नव्हता, सर. समोर कुणीच नव्हतं. तेच जड गेलं. जमाव असता तर निदान त्याने शिव्या दिल्या असत्या.

गावकऱ्यांना आधीच मागे हलवलं होतं. सकाळी गेलो तर पऱ्हाटीत एक म्हातारी. जमनी नाव. जवानांना तिचं बोलणं कळेना. मला शब्द न् शब्द कळला. ती जे बोलते ते आमच्या आईच्या, याडीच्या, गोरबोलीची सावत्र बहीण आहे. मला वाटलं, आता पाया पडेल, रडेल. त्याची मी तयारी केली होती. ती पाया पडली नाही. माझ्या मागची गाडी आणि पेट्या पाहून म्हणाली, "पेरायचं ते पेरा. पण आधीचं पीक वेचल्याशिवाय कोणी पेरतं का?"

याचं उत्तर तुमच्या पत्रात नव्हतं.

मी जवानांना टॉवेल कमरेला बांधून ओटी करायला सांगितलं आणि कापूस वेचायला लावला. त्यातल्या निम्म्यांनी कापूस फक्त गादीत पाहिलेला. बोंडाच्या टोकाने बोटं रक्ताळली, एक हवालदार म्हणाला, "साब, इससे तो तार बाँधना अच्छा था." जमनी त्यांच्या मागून फिरत राहिलेलं वेचायची आणि खेकसायची. दुपारी कर्नलसाहेबांची जीप आली. ते वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहिले.

"आडे, हे काय आहे?"

"सर, पेरणीआधीची मशागत."

हसले नाहीत. एक बोंड तोडून खिशात टाकलं आणि गेले. काम ठरल्या दिवशी झालं नाही, त्याबद्दल लेखी जाब मागितला आहे.

दुसऱ्या दिवशी मी सुरुंग पेरले. सरळ तासांत, नांगराच्या रेघेसारखे, सारख्या अंतरावर. कर्नलसाहेब म्हणाले, इतकं नीट काम कुणाचंच नाही. लहानपणापासून हात बसलेला आहे, सर, नीटच होणार.

म्हणजे मी राजीनामा दिला, हुकूम मोडला आणि हुकूम पाळला. तीनपैकी एक वाट निवडायची होती. मी तिन्हींवरून जाऊन आलो आणि कुठे पोचलो ते कळत नाही. तुम्हाला कळलं तर कळवा.

याडीला कापूस वेचल्याचं सांगा, तेवढंच. बाकी नको.

श्रावण


आर्णी
७ फेब्रुवारी २००२

श्रावण,

अरे, तो पूर्वपक्ष होता!

एकवीसचं पत्र एव्हाना पोचलं असेल. ते तेराच्या आधी वाचल्याचं मनाशी धर. जमत नाही हे मलाही कळतं. तुझं पत्र वाचून तसाच तार करायला पोस्टात गेलो. खिडकीपाशी उभा राहिलो आणि मजकूर सुचेना. "मागचे मत माझे नाही"? "राजीनामा परत घे"? खिडकीतल्या बाबूने हळूच विचारलं, "सर, कोण गेलं?" मी तसाच परत आलो.

मास्तरकी करताना अनेक मुलांचं नुकसान केलं, पण ते व्याकरणातलं होतं. वाद नीट घालायच्या हौसेपायी एका माणसाची नोकरी खर्ची घातली नव्हती. "हे माझं म्हणणं नाही" एवढं एक वाक्य वर लिहायला हवं होतं. पण पूर्वपक्षाच्या माथ्यावर तसं लिहिणं म्हणजे मल्लाने कुस्तीआधीच निकाल सांगणं, असा आमचा डौल.

आता खरी गंमत पुढे आहे. राजीनामा मागे घे, असं लिहायला हे पत्र काढलं. लिहिता येत नाही. "हुकूम पाळ" असा माझा सिद्धान्त होता. तू पाळलास, उत्तम पाळलास, सरळ तासांत, आणि ते वाचून मला जेवण गेलं नाही. मग पूर्वपक्षच खरा म्हणावं, तर तुझ्या जागी दुसरा असता तर जमनीचा कापूस आज तारांच्या आत असता. दोन्ही पक्ष मीच मांडले, आणि दोन्हींनी मला घराबाहेर काढलं.

काय करायचं ते कळव. मी सांगण्याच्या लायकीचा राहिलो नाही.

रुपीबाईला सांगितलं. डोक्याला हात लावून आधी हसली. "आमचा कापूस वावरात उभा, अन् पोरगा तिकडं लोकाचा वेचून राह्यला!" मग दाराआड गेली. बाहेर आली तेव्हा विचारलं, "त्या म्हातारीले पोरगं आहे का कोनी?" लालसिंगने मात्र काही विचारलं नाही. सैन्यातल्या अफसराला कापूस का वेचावा लागतो, हे त्याने विचारायला हवं होतं. तो नुसता फोटोकडे बघत बसला.

तुझा
नंदकिशोर डबीर


मार्फत ९९ एपीओ
१८ नोव्हेंबर २००२

आदरणीय सर,

तुमच्या सगळ्या पत्रांना एकदमच उत्तर देतो. फेब्रुवारीपासून लिहायला बसायचो आणि उठायचो.

उन्हाळ्यात जमनीच्या वावरात एक सुरुंग फुटला. वायरलेसवर पहिला निरोप आला तो एवढाच: "वावरात कोणीतरी." आपल्याकडे जिला रोही म्हणतात ती होती, नीलगाय. पण ती रोही आहे हे कळेपर्यंत मी जीपमध्ये होतो, आणि त्या रस्त्यावर मी मनात जमनीला मारलं, तिच्या शेळ्या राखणाऱ्या नातवाला मारलं, एकदा याडीलाही. जमनी धुऱ्यापलीकडे उभी दिसली तेव्हा मला तिचा राग आला, सर. का ते कळलं नाही.

आता सैन्य परत चाललं आहे. राजीनामाही पुढे सरकला आणि मंजूर होऊन आला. महिनाअखेर घरी येऊ शकतो. कर्नलसाहेबांनी कागद दिला आणि म्हणाले, "सुरुंग काढायला दुसरी तुकडी येते आहे. तुझा संबंध संपला."

पहिलं: तुमची एक चूक दुरुस्त करतो. तेराचं पत्र पूर्वपक्ष आहे, हे मला तिसऱ्या ओळीतच कळलं होतं. तुम्ही स्वतःचं मत इतक्या ठामपणे कधी मांडलं आहे? तुमचा उत्तरपक्ष येणार हेही माहीत होतं. तो येण्याआधी घाईने जाऊन राजीनामा दिला, कारण आल्यावर पुन्हा ट्रंकेत ठेवावा लागला असता. जानेवारीत हे लिहिलं नाही. तुमच्या सांगण्यावरून केलं, असं म्हटलं की हलकं वाटायचं. तुम्ही इतके महिने जेवला नसाल तर आता जेवा.

दुसरं: मी राजीनाम्याची तारीख पुढे ढकलून मागितली. मागे घेतला नाही. ती वावरं आम्ही मोकळी करू, असं लिहून दिलं. कर्नलसाहेब म्हणाले, "आडे, तू जायचं म्हणालास तेव्हा जाऊ दिलं नाही, आता जा म्हणतो तर जात नाहीस. तुला नक्की कुठला हुकूम आवडतो?" त्यांनी सही केली. सुरुंग काढताना एक माणूस पुढे असतो, बाकीचे अंतर ठेवून मागे. पुढे मी असेन.

बाबांच्या आजाला जे समजलं नाही ते मलाही अजून समजलेलं नाही. चालून पाहतो.

सुरुंग मातीत राहिले की जागा बदलतात. वाळू सरकते, पाणी येतं. मी सरळ तासांत पेरले होते. आता तसे असतीलच असं नाही. जमनी विचारते, पेरणीपर्यंत वावर मिळेल का? मी हो म्हणालो. हे मला कुणी करायला सांगितलेलं नाही, म्हणून हे मोडताही येणार नाही.

बाबांना अजूनही काही सांगू नका.

श्रावण


आर्णी
२ डिसेंबर २००२

चि. श्रावण,

जेवलो. पत्र वाचून आधी तुझा राग आला, की तू माझ्या पूर्वपक्षाच्या आड लपलास. मग आठवलं, मी तर जन्मभर दोन्ही पक्षांच्या आड लपत आलो आहे. तेव्हा फिट्टंफाट.

तुझा निर्णय बरोबर की चूक, हे मी लिहिणार नाही. दोन्ही बाजूंनी लिहिता येईल, म्हणूनच.

काल तुझे बाबा आले होते. डोक्यावर तुरीच्या हिरव्या शेंगांचं गाठोडं. पद्मजाकाकूने चहा दिला. यंदाच्या कापसाचं बोललो, रांगेचं बोललो. दोन्ही गेल्या सालासारखंच. मग पेला खाली ठेवून त्याने विचारलं, "सर, थे तुमच्या राजीनाम्याचं काय झालं मंग?"

साल उलटत आलं, तरी तो तेच धरून होता. माझा नाही, असं पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणालो, "मंजूर झाला, नायक. पण तारीख पुढे ढकलली. एक वावर मोकळं करायचं आहे. ते झालं की बघू."

संस्कृतच्या मास्तरला कुठलं आलं वावर, असं त्याने विचारलं नाही. मान हलवली. गाठोडं सोडून शेंगा सुपात ओतल्या, धोतराचा सोगा झटकला, पायात चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर हाय. पन त्याले म्हना, पाय पाहून टाकजो. अन् वावर पुरं मोकळं झाल्याशिवाय घरी येऊ नको म्हना."

तू म्हणालास, बाबांना सांगू नका. मी सांगितलं नाही.

तुझा
नं. डबीर